मालूबाई विमानतळावरून उठत नाहीत

दापोऱ्याच्या मालूबाई कडू यांना आयुष्यात कुणी नकार दिला नाही असं नाही. दिला, त्यांनी तो मनावर घेतला नाही. केळीचे घड कापणाऱ्या टोळीच्या त्या मुकादम. व्यापाऱ्याची गाडी वेळेवर आली नाही की टोळी घेऊन सरळ घरी जातात. मग व्यापारी त्यांच्या ओसरीवर येऊन चहा पितो आणि हात जोडतो. अशा बाईचं तिकीट एका विमान कंपनीनं रद्द केलं. कंपनीला दापोरा माहीत नव्हतं, एवढंच तिच्या बाजूनं म्हणता येईल.

मालूबाईंचा मुलगा मोहित हैदराबादला असतो. त्यानं फ्लॅट घेतला, वास्तुपूजा ठरली. कडूंच्या घरची रीत अशी की नव्या घरात पहिला कलश मुलाची आई नेते; ती वेळेवर पोचली नाही तर मान सुनेच्या आईकडे जातो. सुनेची आई प्रतिभाताई नागपूरहून आधीच जाऊन बसल्या होत्या. फोनवर अतिशय गोड आवाजात म्हणाल्या, "नाही जमलं तरी काळजी करू नका हं, मी आहे ना इथे." त्या दिवशी मालूबाई अर्ध्या जेवणावरून उठल्या.

पूजेच्या आदल्या दिवशीचं विमान होतं, राज्याच्या सीमेपलीकडच्या, दोनेक तासांवरच्या लहान विमानतळावरून. दरम्यान ती कंपनी एका मोठ्या कंपनीत विलीन झाली. विलीन झालेल्या कंपन्या सगळ्यात आधी नकाशा उघडतात आणि लहान गावं शोधतात. हैदराबादची फेरी बंद झाली. मुंबईची आठवड्यातून दोनदा उरली, तीही महिनाअखेरपर्यंत. तसा मेसेज मालूबाईंच्याच फोनवर आला, पण नव्या कंपनीच्या नावानं, आणि खाली निळी लिंक. गावात नुकतंच ऑनलाइन फसवणुकीवर शिबिर झालं होतं. मालूबाईंनी मेसेज पुसून टाकला आणि आपण कसे फसलो नाही ते टोळीला सविस्तर सांगितलं.

निघताना जाऊ धुरपदाबाईंनी ओटी भरली. भरल्या ओटीनं निघालेली बाई मुक्कामी न पोचता माघारी आली तर दापोऱ्यात ते अशुभ समजतात. अशुभ एक वेळ निस्तरता येतं, गावातली चर्चा नाही. पोचवायला टेम्पोभर माणसं निघाली. चालवायला भाचा योगेंद्र.

विमानतळावर तिकीट-खिडकीत गौरव नावाचे चाळिशीतले गृहस्थ होते. त्यांनी कागद पाहिला.

"मावशी, ही फ्लाइट तर बंद झाली ना. कंपनीनं मेसेज टाकला होता."

"कोन्या कंपनीनं?"

"आमच्याच. दोन्ही एक झाल्या आता."

"लगीन तुमचं झालं, अन् तिकीट माह्यं मोडलं?"

"आहेर बी आपल्याकूनच घेतला व माय," मागून धुरपदाबाई म्हणाल्या.

"रिफंड मिळेल ना, मावशी."

"ठिव तुह्यापाशी. मले उद्या सकाळी हैदराबादले कलश न्याचा आहे."

रेल्वेनं निघालं तर पोचेपर्यंत पूजा, प्रसाद आणि प्रतिभाताईंचे फोटो सगळं आटोपलं असतं. गौरवनी वर फोन लावला आणि स्पीकर चालू केला. दोन्ही कंपन्यांची माणसं एक झाली होती, कॉम्प्युटर अजून झाले नव्हते. पलीकडची बाई म्हणाली, "सर, इस नाम की कोई पैसेंजर ही नहीं है."

"मी नही तं हे बोलू कोन राह्यलं?" मालूबाईंनी विचारलं.

पलीकडे संगीत सुरू झालं.

मालूबाई खिडकीसमोर फरशीवर बसल्या. त्या बसल्या म्हणून अख्खा टेम्पो बसला. शिदोरी सुटली. मुंबईच्या प्रवाशांना आता दापोऱ्याला वळसा घालून जावं लागत होतं. काहींनी वळसा न घालता ठेचा-भाकरी घेतली.

"मामी, चालाचं का मंग घरी?" योगेंद्रनं हळूच विचारलं.

"तू जाय. भरली ओटी घेऊन मी माघारी येनार नही." मग खिडकीकडे वळून, "काहो भाऊ, मुंबईचं इमान तं जाते ना आज? अन् मुंबईहून हैदराबादले?"

"जातं, संध्याकाळी. पण तिकीट बदलायला मंजुरी वरून लागते."

"वरून म्हंजे किती वरून?"

या खिडकीत गौरवनी बरीच वर्षं काढली होती आणि महिनाअखेर खिडकीच बंद होणार होती. फोनमध्ये संगीत चालूच होतं. त्यांनी ते थोडा वेळ ऐकलं, मग फोन बंद केला आणि मुंबईमार्गे हैदराबादचं तिकीट काढून दिलं.

"अन् मंजुरी?" योगेंद्र.

"पैसेंजरच नाही म्हणतात. मग मंजुरी कुणाची मागू?"

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रतिभाताई नव्या फ्लॅटच्या दारात कलश घेऊनच उभ्या होत्या. कुणी उभं राहा म्हटलं होतं असं नाही. मालूबाई शालू सावरत पुढे झाल्या.

"विहीनबाई, लय येळच्या उभ्या दिसता. द्या."

प्रतिभाताईंनी मोहितकडे पाहिलं. तो चपला नीट लावत होता. त्यांनी कलश दिला.

तांब्याचा तो कलश भलताच जड होता, हे मालूबाईंनी नंतर कबूल केलं. फक्त धुरपदाबाईंजवळ, आणि तेही फोनवर.