चौथ्या मजल्यावरची अक्षरं

जालन्यात स्टेशनजवळ चार मजली नवं हॉटेल उभं राहिलं आणि त्याच्या माथ्यावर नाव रंगवायचं काम मला मिळालं. तोवर मी फक्त दुकानांच्या पाट्या रंगवल्या होत्या. तशीच वीतभर अक्षरं मी परांचीवर बसून मोठ्या नजाकतीनं काढली. खाली उतरून पाहतो, तर भिंतीवर मुंग्यांची रांग!

हॉटेलचे मालक शेठजी म्हणाले, "पेंटरसाहेब, गिऱ्हाइकाला दुर्बीण तुम्ही देणार का?"

पहिलंच मोठं काम हातचं जाणार, म्हणून मी ठोकून दिलं, "शेठजी, हा तर नमुना हाय."

"मंग असली काढा जल्दी!"

या खेपेला एकेक अक्षर माझ्याहून उंच काढलं. शेठजींनी ते स्टेशनातून वाचलं. मग शेजारी चढत असलेल्या दुसऱ्या इमारतीकडं बोट दाखवून म्हणाले, "त्यांनाबी तुमचंच नाव सांगतो. फक्त तिथं नमुना काढू नका."