रुमालाखालची बोटं

लंडनमधल्या ईलिंगच्या त्या जॅझ क्लबात स्टेजवर चढताना मी बूट काढले. सवयच. मंडळाच्या गणपतीत गाण्याचे कार्यक्रम बघत वाढलेला माणूस व्यासपीठावर बूट घालून जाईल कसा? वाकून फळीला हातही लावला. वर बघतो तर समोरची गोरी म्हातारी मंडळी माझ्या मोज्यातून बाहेर आलेल्या अंगठ्याकडे अत्यंत आदराने पाहत होती. त्यांना वाटलं असावं, हा कार्यक्रमाचाच भाग.

कार्यक्रम माझ्या आजोबांवर, म्हणजे अण्णांवर होता. स्वातंत्र्याच्या आधी मुंबईतल्या एका मोठ्या हॉटेलात ते जॅझ बँडचे लीडर होते. एका संस्थानाच्या बँडात ट्रम्पेट शिकले, तिथून पळाले आणि साहेबमेमांना नाचवू लागले. क्लबला त्यांचा फोटो भिंतीवर लावायचा होता, आणि त्याखालचा मजकूर मी लिहायचा होता. परक्यांनी आपल्या माणसाचा फोटो लावायचा म्हणजे काय! मी नुसता तरंगत होतो.

मी माझी हुकमी गोष्ट काढली. आजोबा वाजवताना उजव्या हातावर रुमाल टाकायचे. का? तर दुसऱ्या बँडवाल्यांनी बोटं बघून सुरावटी चोरू नयेत म्हणून. ही गोष्ट मला बाबांनी सांगितली होती. ते गेल्यावर मी ती चालवली. लग्नांत, बारशांत, एकदा तर कुणाच्या तेराव्याच्या जेवणातही. क्लबात तर रुमाल टाकूनच दाखवला. टाळ्या पडल्या.

मग चहा. बाबांच्या मोठ्या बहिणीला, माझ्या आत्याला, आम्ही नवराबायकोने मुद्दाम वॉटफर्डहून गाडीने आणलं होतं. तिने मला खुर्चीजवळ बोलावलं.

"छान बोललास हो. तुझ्या बाबापेक्षा छान. पण भिंतीवर नको लिहूस ते."

"का गं?"

"अरे, अण्णा वाजवत कुठे होते? पुढचे दोन दात गेल्यावर फुंकणार कशाने? मागे बसलेला दुसरा ट्रम्पेटवाला वाजवायचा. अण्णा पुढे उभे राहून गाल फुगवायचे. बोटं हलत नाहीत हे दिसू नये म्हणून तो रुमाल!"

माझं बिस्किट चहात पडलं.

"बाबांना माहीत होतं?"

"चोरांची गोष्ट त्यानेच तर रचली. शाळेत पोरं विचारायची ना त्याला."

"आणि तू मला इतकी वर्षं…"

"तू इतका रंगात यायचास रे बाळा! आम्ही आपले आतल्या खोलीत जाऊन हसून यायचो."

आम्ही. म्हणजे अख्खं घर. मी दिवाणखान्यात आजोबांना मोठं करत होतो, आणि माझी माणसं आत उशीत तोंड खुपसत होती.

आत्याला वॉटफर्डला सोडून आम्ही मेडनहेडकडे निघालो. बायको गाडी चालवत होती. मला आठवत होते ते बाबा. गोष्ट सांगताना ते स्वतःच्या हातावर रुमाल टाकायचे आणि थेट माझ्या डोळ्यांत बघायचे. कधी हसलेसुद्धा नाहीत. निदान हसले तरी असते. गेलेल्या बापाशी भांडायचं तरी कसं? मी एम ट्वेंटी-फाइव्ह हायवेवरच्या लॉऱ्यांशी भांडत बसलो.

शेवटी विचारलं, "तुला नव्हतं ना माहीत?"

बायकोने उगाचच आरसा बघितला. "लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत कळलं. आत्यांनीच सांगितलं."

"वा! म्हणजे तूपण त्या खोलीत!"

"हो."

"सगळ्यांनी मिळून फसवलंत मला. आता त्या भिंतीवर काय लिहू? कपाळ?"

तिने गाडी डावीकडच्या लेनमध्ये घेतली. मग म्हणाली, "फसवलं तुला, खरंय. मीसुद्धा. पण तो मागे बसून वाजवणारा माणूस होता ना, त्याचं नाव तू अजून विचारलं नाहीस. आत्यांना फोन लाव. भिंतीचं मग बघू."