गुलाब आला तर बंध तुटला

लॅबमध्ये किस्से जमवावे लागत नाहीत. टेबलावरच्या डागांसारखे ते आपोआप साठतात, आणि घासून जातही नाहीत.

सत्तरच्या दशकात नाशिकच्या एका कॉलेजात मी डेमॉन्स्ट्रेटर होतो. धनवटे सर गाईड, येवल्याचा सलीम त्यांचा पीएचडीचा विद्यार्थी. विषय काय, तर ॲलिलिक अल्कोहोल आणि आम्ल जोडून बनलेल्या एस्टरमधला बंध नेमका कुठे तुटतो! लव्हेंडरच्या वासाचं एस्टर पाण्यात तापवायचं. बंध आम्लाच्या बाजूने तुटला तर वास साधारण तसाच राहतो. अल्कोहोलच्या बाजूने तुटला तर रेणू बदलतो आणि गुलाबाचा वास येतो. हे तपासायचं यंत्र मुंबईला. आमच्याकडे सरांचं नाक.

•

म्हणून लॅबमध्ये पावडर, गजरा, सेंट सगळं बंद. डब्यात कांदासुद्धा नाही!

सलीम म्हणाला, "सर, मी येवल्याचा आहे हो. कांद्याशिवाय भाकरी कशी खाऊ?"

"येवल्याला जाऊन खा."

•

एकदा प्रिन्सिपॉल सेंट लावून पाहुण्यांना लॅब दाखवायला आले. सरांनी दारातच अडवलं. "साहेब, आंघोळ करून या."

प्रिन्सिपॉलांनी पुढे कित्येक दिवस सरांशी अबोला धरला. सरांच्या ते लक्षातच आलं नाही.

•

सरांना सर्दी झाली. दारावर पाटी लागली: 'इन्स्ट्रुमेंट बिघडले आहे. संशोधन बंद.'

ऑफिसातला क्लार्क धावत आला. "सर, दुरुस्तीचं टेंडर काढू का?"

सर शिंकले. "काढा."

•

मग सलीमचा व्हायवा. त्याची लेक्चररची जागा टेम्पररी. डिग्री हुकली की जूनपासून घरी.

बाहेरगावचे परीक्षक म्हणाले, "नाक हा काय पुरावा झाला? आणा ती तापवलेल्या एस्टरची बाटली. मला स्वतःला गुलाब आला तरच सही करीन."

आम्हाला तो वास शेकडो वेळा आला होता. पण ऐन वेळी बाटलीचं काचेचं बूच अडकलं! सलीम ओढतोय, बूच ढिम्म हलत नाही. परीक्षक मात्र डोळे मिटून, नाक वर करून तयार.

तेवढ्यात दार किलकिलं झालं. सलीमचे अब्बा! पोराचा मोठा दिवस म्हणून पहाटेच्या एसटीने आलेले. नवीन टोपी, आणि कानात गुलाबाच्या अत्तराचा फाया.

परीक्षक पुटपुटले, "येतोय... पण पुसट आहे."

सर उठले. प्रिन्सिपॉलांना दारातून परत पाठवणारे सर! त्यांनी परीक्षकांच्या शेजारची खुर्ची ओढली आणि हळूच म्हणाले, "या अब्बा, आत या. असे जवळ बसा."

"वा! आता स्पष्ट आला! अल्कोहोलचीच बाजू!" म्हणत परीक्षकांनी डोळे उघडले आणि सही ठोकली.

सलीम अजून बूच ओढत होता.