पेल्यांची उतरंड

त्या सकाळी दत्तामामांनी हॉर्न वाजवला नाही. ते सेनगाव-हिंगोली जीप चालवतात. गल्लीच्या तोंडाशी आले की दोनदा हॉर्न द्यायचे, आणि गयाकाकूंसाठी साखऱ्याहून आलेली भाजी, एखादा निरोप घ्यायला मी पळत जायची. त्या दिवशी जीप बंद करून ते पायी आत आले आणि भिंतीपासून लांब, अंगणाच्या मधोमध उभे राहिले. "पोरी, लेकराला आधी खाली ठेव," म्हणाले. काकू साखऱ्यालाच गेल्या होत्या, भावाकडे. मला तेवढ्यावरूनच कळलं...

गयाकाकू आमच्या घरमालकीण. माझं माहेर मालवणच्या खालच्या अंगाला, समुद्राला लागून. आठवीत शाळा सुटली, पुढे लग्न झालं, आणि नवरा फरशी बसवायच्या कामावर हिंगोलीला आला तशी मीही आले. मुलगी अंगावर पीत होती. बोली ऐकून लोक म्हणायचे, हे बिऱ्हाड टिकायचं नाही, आणि खोली नाकारायचे. काकूंनी काहीच विचारलं नाही. मुलीला माझ्या कडेवरून काढून घेतलं आणि म्हणाल्या, "ये कोकणी. पाणी पी आधी."

नव्या माणसाला आपलं गाव समजावून सांगायची इथल्यांना भारी हौस. संध्याकाळी काकूंच्या ओट्यावर गल्ली जमायची आणि सगळे मिळून मला शहाणं करायचे. उन्हाळ्यात दुपारी बाहेर पाय काढू नको. कयाधू नदीला पाणी आलं तर बघायला जाऊ नको, बघायला गेलेलेच जातात. "अन् सेनगावच्या जीपमधी मागं बसू नको," काकू म्हणाल्या.

दत्तामामा तिथेच चहा पीत होते. "काहून वो गयाबाई? मागं काय वाघ बशिवला का मी?"

"वाघ परवडला. तुमी दार सुतळीनं बांधून राहिले."

सगळे हसले. पण या सल्ल्यांमध्ये एक गोष्ट कुणी बोलत नव्हतं. दिवेलागण झाली की काकू दाराजवळ पितळी परात ठेवायच्या, तिच्यात स्टीलचा पेला उपडा, त्याच्यावर दुसरा, त्याच्यावर अजून एक, अशी उतरंड रचायच्या. मला वाटलं काही व्रत असेल. विचारलं तर सगळे काकूंकडे बघायला लागले. मग काकूच म्हणाल्या, "इकडं जमीन गुरगुरते, माय. वसमतकडं जास्त, पन आपल्याकडं बी येते. झोपेत मानसाला कळत न्हाई, गिलासाला कळते."

दुसऱ्या दिवशी त्यांनी माझी खोली नव्याने लावली. अंथरूण भिंतीपासून ओढून मधोमध. फळीवरचे डबे खाली. दाराची वरची कडी लावायचीच नाही. परात वाजली की लेकरू उचलायचं आणि बाहेर, कशासाठीही मागे फिरायचं नाही. नवऱ्याने एकदा स्लॅबची खोली बघितली, थोडी मोठी. काकू म्हणाल्या, "जा की खुशाल. पत्रा डोक्यात पडला तर टेंगूळ येते. स्लॅब पडला तर काय येते ते तुझ्या मांडीवर लेकरू असताना मी बोलत न्हाई." आम्ही गेलो नाही.

परात बहुतेकदा मांजर पाडायचं. काकू काठी घेऊन मांजराच्या सात पिढ्या उद्धरायच्या, आणि बाहेर धावलेली सगळी गल्ली हसत परत जायची. मलाही त्या आवाजाची सवय झाली.

एकदा सकाळी मी पीठ मळत होते. उतरंड अजून दाराजवळच होती. आधी आवाज आला, कुणीतरी पायाखालून भरलेलं पिंप लोटत नेतंय असा. मग पेले कोसळले. मी दाराबाहेर बघितलं, मांजर अंगणात होतं, अंग फुगवून... मला सगळं पाठ होतं, पण पाय उचलेना. हात पिठात तसेच. काकू अंगणातून आत आल्या, एका हाताने मुलगी उचलली आणि दुसऱ्याने मला ढकलत बाहेर काढलं. पडलं काहीच नाही. भिंतीवर केसासारखी रेघ आली तेवढी. बाहेर आल्यावर मी रडत म्हटलं, "मागं फिरायचं नाही, असं तुम्हीच सांगितलेलं ना काकू?"

"ते आतल्यांसाठी हाय," म्हणाल्या. "मी भायेर होते."

त्याच हादऱ्यात साखऱ्याला त्यांच्या भावाच्या दगडमातीच्या घराची मागची भिंत फुगली. तुरीच्या दिवसांत काकू तिकडे गेल्या. दत्तामामांनी सांगितलं, गेल्यापासून त्यांनी त्या भिंतीकडे कुणाला फिरकू दिलं नव्हतं. बाज आडवी टाकून वाट अडवली होती. त्या सकाळी थंडी होती. शेळीचं करडू बाजेखालून गेलं आणि भिंतीच्या बुडाशी ऊन खात बसलं. काकू त्याला उचलायला गेल्या आणि भिंत त्यांच्या अंगावर बसली. करडू उडी मारून निसटलं.

"जमीन हलली बी न्हाई, पोरी," दत्तामामा पुन्हा पुन्हा तेच म्हणत होते. "वारा बी नव्हता. कायच वाजलं न्हाई."

आता काही आठवडे झाले. आई फोनवर म्हणते, चेडवाला, तिच्या नातीला, घेऊन परत ये. पण नवऱ्याचं काम इथे आहे, आणि मुलगी चालायला इथे शिकली, काकूंचं बोट धरून. त्यांच्या खोलीत एक नवीन जोडपं आलंय, लांबचं. संध्याकाळी ओट्यावर गल्ली जमली. उन्हाचं सांगून झालं, कयाधूचं झालं. मग सगळे थांबले आणि माझ्याकडे बघायला लागले. मी त्या जोडप्यातल्या मुलीला म्हटलं, "अंथरूण मधोमध घाल. वरची कडी लावू नको." ती म्हणाली, "का?" मी सांगितलं. सांगताना माझ्या तोंडी काकूंचेच शब्द येत होते. एवढंच मात्र सांगता आलं नाही, की कधीकधी पेलेही वाजत नाहीत.

काकूंची परात त्यांच्या भावाने मलाच ठेवायला दिली. दिवेलागण झाली की मी ती दाराजवळ ठेवते. एक पेला उपडा, त्यावर दुसरा. सगळ्यात वरचा ठेवताना उतरंड बारीक किणकिणते. माझा हात थरथरतोय की खालची फरशी, ते कळावं म्हणून मी हात काढून घेते, आणि मुलीला जवळ ओढून पेल्यांकडे बघत बसते.