पगार मिळतो का, असं विचारलं की

दिल्लीला शिकत असताना माझी खात्री होती, की ‘अपंगांचा सरकारी पगार मिळतो का?’ या प्रश्नाला दोनच उत्तरं असतात. हो आणि नाही. शिकून औरंगाबादला परतले, विद्यापीठाच्या आरोग्य पाहणीत लागले, आणि पहिल्याच आठवड्यात तिसरं, चौथं, पाचवं उत्तर सापडलं. जीपमध्ये आम्ही तिघं: मी, नर्स सुमनताई आणि ड्रायव्हर शकीलभाई. संध्याकाळी परतताना माहितीपेक्षा किस्सेच जास्त जमलेले असत.

पण खेळ नव्हता तो. ज्या घरातून ‘मिळत नाही’ असं उत्तर येईल, त्याच माणसाला डॉक्टरांच्या शिबिराचं बोलावणं जाणार होतं. तिथं दाखला, आणि दाखल्यावर पगार. चुकीचं उत्तर लिहिलं, की एखाद्याचा पगार बुडालाच.

*

अजिंठ्याच्या रस्त्यावर एक मेंढपाळ भेटले. चांगलेच लंगडत होते.

“काही अपंगत्व?”

“नाय.”

“सरकारची काही सवलत?”

त्यांनी मुंडाशातून एसटीचा अपंगांचा पास काढला.

“मग हे काय, बाबा?”

“ते कंडक्टरपुरतं हाय. मेंढरांना नाय सांगितलं अजून.”

*

चिकलठाण्याला एका कारखान्याच्या गेटवर एक तरुण कामगार उभा होता, उजवा हात खिशात घालून. “काय झालं नाय, मस्त हाय,” म्हणाला. आम्ही तसंच लिहिलं. दुपारी क्रांती चौकात चहा पीत होतो, तर तोच समोर आला आणि हात बाहेर काढला. दोन बोटं नव्हती.

“ताई, तिथं मुकादम उभा व्हता. आता इचारा.”

शकीलभाई बशीतला चहा फुंकत म्हणाले, “मॅडम, सवाल अच्छाच था. जगा गलत थी.”

तेव्हापासून आम्ही माणसाला बाजूला घेऊन विचारू लागलो.

*

नामांतराचं आंदोलन ऐन भरात होतं. शहराच्या कडेच्या एका वस्तीत लकव्यानं एक बाजू गेलेले आजोबा खाटेवर बसले होते. आमच्या प्रश्नाआधी त्यांचाच प्रश्न आला.

“विद्यापीठाकडून आलात? कोणत्या नावाच्या?”

“नव्या,” मी ठणकावून सांगितलं.

“अजून झालंय कुठं?”

“होणारच आहे, बाबा.”

“मग माझा पगार पण ‘मिळतो’ लिवा. मिळणारच हाय की.”

सुमनताईंनी पदर तोंडाला लावला. शिबिराचं सगळं समजावून सांगितलं, तेव्हा आजोबा कसेबसे ‘नाही’ लिहू द्यायला तयार झाले.

“लिवा,” म्हणाले, “पण पेन्सिलीनं.”

*

त्याच वस्तीत गयाआजी राहायच्या. दोन्ही डोळ्यांनी आंधळ्या.

“मिळतो की पगार,” आजी ताठ बसून म्हणाल्या. “दर महिन्याला शिपाई दारात येतो. मी कुनाच्या जिवावर खात नाय.”

‘हो’ लिहून निघालो, तर त्यांचा मुलगा उत्तम मागून पळत आला. कंपनीत हमाली करायचा.

“ताई, नाय मिळत तिला. अर्ज मंजूरच झाला नाय. मीच देतो.”

“मग शिपाई?”

“मीच. दारात जरा घोगरा आवाज काढतो. माझे म्हणून दिले तर हात लावत नाय ती.”

‘हो’ ठेवलं तर आजींना पगार कधीच मिळणार नव्हता. ‘नाही’ केलं तर शिबिराचं बोलावणं दारात मोठ्यानं वाचलं जाणार, आणि उत्तमचं सगळं उघडं पडणार.

“काय करू, ताई?” मी जीपमध्ये विचारलं.

“माझी आई असती तर मला पण ठरवता आलं नसतं,” सुमनताई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ‘नाही’ लिहिलं आणि बोलावणं निघायच्या आधी स्वतःच आजींकडे गेले.

“आजी, तुमचा पगार वाढतोय. फक्त एकदा डॉक्टरांना डोळे दाखवायला लागतील.”

आजींनी चाचपून काठी जवळ ओढली.

“येते की,” मग म्हणाल्या. “पर शिपाई त्योच ऱ्हाऊ द्या, बाई. त्याचा आवाज लई वळखीचा झालाय.”