‘जीव घाबरा होतोय’ला जर्मनमध्ये काय म्हणतात?

मागच्या रविवारी सकाळी, पडेगावला आमच्या वरच्या खोलीत, मी एका विद्यार्थिनीला पकडायला बसलो होतो... आणि सापडलो मी.

मी जर्मन शिकवतो. मुळात संस्कृतचा एम.ए., पोटासाठी इकडे वळलो. आठ विभक्तींवरून चारवर आलो, तेवढंच ओझं हलकं. हल्ली माझ्याकडे बहुतेक नर्सेस येतात, जर्मनीत नोकरीला जायचं म्हणून.

वैशाली त्यातलीच. कन्नड गावच्या एका दवाखान्यात ड्यूटी, रविवारी एसटीने क्लासला. मागच्या वेळी तोंडी परीक्षेत नापास झाली, आता पुन्हा महिन्यावर परीक्षा. गृहपाठ मात्र अचानक निर्दोष यायला लागला होता... इतकं शुद्ध जर्मन जर्मन माणूसही लिहीत नाही.

या वेळचा विषय होता, ड्यूटी संपताना पुढच्या नर्सला पेशंटची माहिती देणे. मी लाल पेन घेऊन तीनदा वाचलं. एकही चूक नाही. शिक्षकाचा याहून मोठा अपमान नसतो.

एआयने लिहून दिलंय हे उघड होतं. मी साळसूदपणे म्हटलं, हेच आता मराठीत सांग बघू.

ती एकेक वाक्य वाचून मराठीत सांगू लागली. बरं चाललं होतं. एका वाक्यापाशी अडली... मला वाटलं, सापडली. मिशीत हसलोही असेन.

"सर, हे चुकलंय. इथं लिहिलंय, पेशंटला भीती वाटतेय. मी मोबाइलला असं सांगितलंच नव्हतं. त्याचा जीव घाबरा होतोय, असं सांगितलं होतं."

मी पुन्हा वाचलं. व्याकरण चोख, विभक्ती जागच्या जागी. पेशंट मात्र दुसराच.

डबल ड्यूटी होती, न वाचताच वहीत उतरवलं, हे तिने कबूल केलं. मी म्हटलं, असू दे, एका शब्दाचा तर फरक. का बोललो कोण जाणे.

तिने त्या शब्दावर बोट ठेवलं.

"नवीन होते तवा मी पण हेच केलं होतं, सर. एक बाबा म्हणाले, पोरी, जीव घाबरा होतोय. मी म्हणलं, घाबरू नका बाबा, आन् पुढच्या बेडकडं गेले. बीपी बघायला पायजे होतं... परत आले तर..."

तिने वहीतलं ते वाक्य खोडून टाकलं.

मग म्हणाली, "तिकडची म्हातारी काय बोलली की मी पळायचं? ते शिकवा ना सर."

इतकी वर्षं शिकवतोय, हे कुणी विचारलं नव्हतं. आणि मला ठाऊकही नव्हतं. माझी एक जुनी विद्यार्थिनी तिकडे वॉर्डात काम करते, तिला तिथल्या तिथे मेसेज टाकला.

दुपारी तिचा व्हॉइस मेसेज आला. तिकडच्या आज्या म्हणतात, 'मिर इस्ट सो कोमिश'. म्हणजे, मला कसंसंच होतंय गं.

कोमिश... मी आजवर त्याचा अर्थ 'गमतीशीर' असा शिकवत आलो.

मशीनवर माझा राग नाही. त्याने जे चुकवलं ते मीही तीनदा वाचून सोडलं होतं, आणि माझ्याकडे तर मराठी जन्मापासून आहे. क्लासची रीत मात्र बदलली. आधी पेशंट त्याच्या शब्दांत काय म्हणाला ते सांगायचं, मग हवा तर मोबाइल काढायचा... आणि मग तो कुठे चुकला ते सगळ्यांनी मिळून शोधायचं.

या रविवारी वैशालीची वही तपासायला घेतली. शब्दांच्या यादीत शेवटी 'कोमिश' होता. समोर, अर्थाच्या रकान्यात, एकच शब्द: पळायचं.

कोश पाठ करत वाढलेला माणूस मी. इतका नेमका अर्थ कुठे वाचल्याचं आठवत नाही... लाल पेन खिशातच राहू दिलं.