दुर्गाने काळूचा टेम्पो बोलावला

सिल्वासात कुणाला घर बदलायचं असलं की आमलीच्या नाक्यावर पानवाल्याकडे निरोप ठेवायचा, समाधानला पाठवून द्या. नव्वदच्या आसपास कारखाने असे भराभर उघडत होते की मुंबई, पुणे, नाशिककडचे साहेबलोक सारखे नवे यायचे आणि भाड्याने घर घ्यायचे. अकरा महिन्यांचा करार संपला की मालक भाडं वाढवायचा आणि साहेब बायकोमुलांसह पुढच्या गल्लीत जायचे. या गल्लीतून त्या गल्लीत, एवढाच प्रवास. पण फ्रिज काही कुणी डोक्यावर नेत नाही. म्हणून समाधान, त्याचा टेम्पो, दोर आणि गोधड्या.

मला लिहायचंय ते त्याच्या बायकोबद्दल. समाधानचं कौतुक करणारे गावात पैशाला पासरी होते. दुर्गाबद्दल बोलायला मी एकटीच. आमच्या चाळीत आम्ही भिंतीला भिंत लागून राहत होतो. भिंत इतकी पातळ की तिच्या फोडणीचा ठसका मला लागायचा.

दोघं अमळनेरकडची. समाधान आधी राखोलीच्या सुताच्या कारखान्यात होता. मग त्याने ते सोडून हातगाडी घेतली, मग जुना टेम्पो. सामानाला खरचटू नये म्हणून घालायच्या गोधड्या दुर्गा शिवायची. जुनी लुगडी, फाटक्या चादरी, सगळं त्यात जायचं. तिच्या आईचं एक हिरवं लुगडंही गेलं, आणि पुढे कुणाकुणाच्या कपाटांना गुंडाळलं गेलं.

दुर्गा जळायची. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे मागाहून कुणी म्हणायला नको की मी तिची बाजू घेतली. गावातल्या प्रत्येक बाईवर जळायची, आणि सगळ्यांत जास्त रसिका मॅडमवर.

रसिका मॅडम नाशिकच्या. प्लास्टिकच्या एका कारखान्यात प्रयोगशाळेत होत्या, लग्न केलेलं नव्हतं, एकट्या राहायच्या. दर वर्षी घर बदलायच्या आणि दर वर्षी समाधानलाच बोलवायच्या. काही भानगड होती का? नव्हती. असती तर दुर्गाला सोपं गेलं असतं. चार शिव्या घातल्या असत्या, माहेरी निघून गेली असती, भाऊ येऊन भांडले असते. इथे भांडायचं कशावर?

"ताई, काल पुन्हा तेच," ती भाजी निवडताना सांगायची. "मॅडमच्या काचेच्या बशा गव्हाच्या डब्यात पुरून नेल्या म्हने, एक टवका उडाला नाही. निवडुंगाच्या कुंड्या पूर्वेच्या खिडकीत ठेवा, हे बी यांनीच सांगितलं. आन माझी फळी पाहा तुम्ही. दोन दिवाळ्या झाल्या, भिंतीला टेकून उभी आहे. एक खिळा नाही ठोकला या मानसाने."

फळी खरंच तशीच उभी होती. मी रोज बघत होते.

दारू पिऊन मारणाऱ्या नवऱ्याला नाव आहे. त्याच्याविरुद्ध शेजार धावून येतो. पण जो गावभर गोड बोलून लोकांची घरं लावून देतो आणि आपल्या घरात पाय पसरून बसतो, त्याला काय म्हणायचं? उलट लोक बायकोलाच म्हणतात, नशीबवान आहेस हो. हे ऐकलं की दुर्गाच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

एकदा समाधान एक गोधडी रसिका मॅडमकडे विसरला. तेच हिरवं लुगडं असलेली. दुर्गा ती आणायला गेली, पण आपण कोण ते सांगितलं नाही. "टेम्पोवाल्याकडून आले," एवढंच म्हणाली. मॅडमनी गोधडी धुऊन, घडी करून ठेवली होती. तिला पाणी दिलं, बसा म्हणाल्या. दुर्गा घरी आली ती रडतच. "कपाट कुठं, फ्रिज कुठं, सगळं मला आधीच ठाऊक होतं ताई. डोळे मिटून फिरले असते त्या घरात." वर म्हणाली, "आन बाई चांगली आहे हो." बाई चांगली असणं, हेच तर तिचं मोठं दुखणं होतं.

चौऱ्याण्णव साली दुर्गाने स्वतः हिंडून एक जागा शोधली. रस्त्याच्या पलीकडे, दोन खोल्या, आत मोरी आणि स्वतःचा नळ. खोटं कशाला बोलू, नळ बघून माझ्याही पोटात दुखलं. आम्ही अजून चाळीच्या नळावर बादल्यांची रांग लावत होतो. चार दिवस मी तिच्याशी तुटक बोलले. मग माझं मलाच कंटाळवाणं झालं. तिच्याबरोबर जाऊन भिंतींना चुना लावू लागले. आठ-पंधरा दिवसांत त्या गल्लीतल्या बायका तिला नावाने हाक मारायला लागल्या होत्या.

समाधानने जागा पाहिली नाही. "तू पाह्यली ना, झालं," म्हणाला. आणि सामान कधी न्यायचं? "जवळचंच तर आहे. कधीबी नेऊ."

जवळचं खरंच होतं. गॅसवर दूध ठेवून जाऊन यावं, इतकं. म्हणूनच ते राहत गेलं. एका रविवारी कुणा साहेबाचं सामान निघालं, दुसऱ्या रविवारी आणखी कुणाचं. दुर्गा भांडी पोत्यात भरायची आणि स्वयंपाकापुरती पुन्हा काढायची. मे महिना लागला, त्यांची लेक सुट्टीत अमळनेरला मामाकडे गेली, आणि समाधान म्हणाला, "या रविवारी मॅडमचं आहे. आपलं पुढच्या रविवारी पक्कं."

दुसऱ्या दिवशी दुर्गा मला घेऊन बसस्टँडवर गेली. खानवेलच्या बस जिथे लागायच्या, तिथे काळूचा टेम्पो उभा असायचा. काळू खानवेलचाच. आधी समाधानच्या हाताखाली हमाली करायचा, मग त्याने स्वतःचा टेम्पो घेतला. तेव्हापासून समाधान त्याचं नावही काढत नसे.

"रविवारी आमचं सामान न्यायचं," दुर्गा म्हणाली.

काळू घाबरला. "ना भाभी. समाधानभाऊचा घर मी कसा हलवू? आमच्यात असा नाय करत."

"मला नवऱ्याचं सांगू नका. मी गिऱ्हाईक म्हनून आली. टेम्पो देता का नाही?"

काळूने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. आता त्यात माझाही हात होताच.

रविवारी सकाळी समाधान मॅडमकडे गेला आणि काळू आमच्या चाळीत आला. लोखंडी कपाट, खाट, गाद्या, दोन पेट्या, शिलाई मशीन, डबे, भांड्यांची पोती, ती फळी. सगळं चढवून झालं तरी टेम्पो निम्मा रिकामा. काळूने सहज विचारलं, "बस भाभी? आटलुंज?"

एवढंच का, म्हणून विचारत होता बिचारा. पण दुर्गाचा चेहरा उतरला. गावभरची भरलेली घरं वाहणाऱ्याच्या बायकोचं घर अर्ध्या टेम्पोत मावलं होतं. मला ते बघवेना. मी घरातून माझं निळं पिंप आणि दोन घडीच्या खुर्च्या आणल्या आणि वर टाकल्या. म्हटलं, आल्यावर परत आणू, पण रस्त्याने भरल्यासारखं तर दिसू दे. मी पुढे काळूशेजारी देवांचा डबा मांडीवर घेऊन बसले. दुर्गा मागे, कपाटाच्या आड, गाद्यांवर.

पाण्याच्या टाकीपाशी गल्ली अरुंद होते. तिथे समोरून समाधानचा टेम्पो आला. मॅडमचा फ्रिज उभा, चारी बाजूंनी गोधड्या, दोर असे ताणलेले की वाजवावेत. शेजारी मॅडम, कुंडी मांडीवर. दोन्ही टेम्पो तोंडाला तोंड लावून थांबले. कुणीतरी मागे घेतल्याशिवाय सुटका नव्हती.

समाधान खाली उतरला आणि मला पाहून थबकला. मग त्याची नजर वर गेली.

"वहिनी! तुम्ही चाळ सोडली? ते पिंप पाह्यल्याबरोबर ओळखलं मी." त्याचा चेहरा पडला. "आन सामान काळूला दिलं? माझं काही चुकलं का?"

काळू स्टेअरिंगकडे बघत बसला. समाधान टेम्पोच्या कडेने फिरायला लागला आणि त्याचा आवाज चढला.

"काळू, हे कपाट असं बांधतात का? दारं सुटी, खाली गादी नाही, पाठ उघडी. एका खड्ड्यात आरसा जाईन याचा. अरे, बायामानसांनी जन्मभर जपलेलं सामान राहतं! तुला शिकवलं ते सगळं विसरला?"

हे बोलताना त्याने कपाटाच्या पाठीवर थाप मारली. रसिका मॅडमच्या कपाटाला डावीकडे पोचा आहे हे ज्याला पाठ होतं, तो आपल्याच कपाटावर हात ठेवून उभा होता.

मागे दुर्गा उठून उभी राहिली. पदर खांद्यावरून घेतलेला, कपाळावर घाम.

"बोला ना," ती म्हणाली. "चांगलं बोलू राहिले होते. थांबले का?"

समाधानने तिच्याकडे पाहिलं. मग खाटेकडे, पेट्यांकडे, मशीनकडे. मग वाकून कपाटाच्या पुढच्या बाजूला डोकावला. आरशाच्या कडेला तिच्या टिकल्यांची रांग होती.

"हे... आपलं आहे?"

"माझ्या बापाने दिलेलं. वापी स्टेशनावरून तुम्हीच आनलं होतं."

इतका वेळ मला आत कुठेतरी गंमत वाटत होती, ती गेली.

समाधानने आपल्या टेम्पोतून दोर ओढून काढला. तो चढणार एवढ्यात काळूने खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "भाऊ, माल माझ्या गाडीवर हाय. हात लावायचा तर भाभीला विचारा."

तो त्यांच्या धंद्याचा रिवाज होता. दुसऱ्याने भरलेल्या सामानाला गिऱ्हाइकाच्या परवानगीशिवाय हात लावायचा नाही. काळूला तो समाधाननेच शिकवला असणार. समाधान दोर हातात घेऊन खाली उभा राहिला. वर त्याची बायको.

"दुर्गे, बांधू का?"

"नको. काळूभाऊ नेतील. तुमच्या मॅडम उन्हात बसल्या आहेत, त्यांचं पाहा."

तेवढ्यात मॅडमच खाली उतरून आल्या. "समाधानभाऊ, त्यांचं आधी होऊ द्या ना. मला काही घाई नाही. कोण आहेत त्या?"

"घरचीच मंडळी," समाधान खाली बघत म्हणाला.

"अय्या! तुम्ही त्या गोधडीवाल्या! मग तेव्हा सांगितलं का नाहीत?"

दुर्गा त्यांच्याकडे बघून हसली सुद्धा. काय करणार, बाई खरंच चांगली होती. पण समाधानकडे तिने पुन्हा पाहिलं नाही. काळूने एकदा हॉर्न दिला. मग समाधान आपल्या टेम्पोत चढला आणि मॅडमच्या फ्रिजसकट टाकीच्या मागेपर्यंत उलटा गेला. आमचा टेम्पो पुढे गेला. खड्डे होते, आरसा खडखडत होता, पण फुटला नाही.

नव्या घरी काळू एकेक वस्तू दारात आणून विचारायचा, "भाभी, कुठं ठेवू?" पहिल्यांदा विचारलं तेव्हा दुर्गा गोंधळली. तिला हे कुणी विचारलंच नव्हतं. मग सुचायला लागलं. कपाट इथे. नाही, तिथे. काळूने हसत हसत कपाट तीनदा फिरवलं. जाताना त्याने फळीही ठोकून दिली आणि माझं पिंप, खुर्च्या चाळीत टाकतो म्हणून घेऊन गेला.

संध्याकाळी आम्ही दोघी नव्या ओट्यापाशी बसून चहा पीत होतो. दार लोटून कडी घातली होती. बाहेर गल्लीत समाधानचा आवाज आला. तो कुणाला तरी विचारत होता, "समाधानचं घर कुठलं हो? आज राह्यला आले ते."

"कोन समाधान?"

"टेम्पोवाला. सामान शिफ्टिंगवाला."

"इथं त्या नावाचं कुनी नाही राहत."

मी उठायला लागले. दुर्गाने माझा हात धरून मला खाली बसवलं. चेहऱ्यावर राग नव्हता, पण हाताची पकड घट्ट होती. बाहेर पुढच्या दारावर थाप पडली, तोच प्रश्न, तेच उत्तर. मग थोडा वेळ काहीच ऐकू आलं नाही. मला वाटलं, गेला की काय. दुर्गालाही वाटलं असावं, कारण तिचा कप हातातच राहिला.

मग अगदी समोरच्या दारातून आवाज आला. "दुर्गा राहते का इथं?"

"दुर्गाताई? त्या काय, तुमच्या पाठीमागचं दार," समोरची बाई म्हणाली. मग तिने संशयाने विचारलं, "पन तुम्ही कोन?"

"मी तिचा नवरा," समाधान म्हणाला.

दुर्गाने कप खाली ठेवला आणि उठून कडी काढली.